न कापणारं पातं

खंडेनवमीच्या सकाळी ठाण्यातल्या बाळकुमच्या जुन्या गावठाणात आमच्या ओळखीच्या एका घरी मी दरवर्षी जातो. ओटीवर पाट मांडलेला असतो. पाटावर एक कोयता, एक पहार, नातवाचा पाना-पक्कडीचा संच आणि मधोमध भात कापायचा इळा. घरातल्या आजी तो इळा आदल्या दिवशी चिंचेनं घासतात, पुसून कोरडा करतात, पात्याला हळदकुंकवाची बोटं लावतात आणि झेंडूचं फूल ठेवतात. त्याचे दाते झिजून जवळजवळ सपाट झालेत. लाकडी मूठ एका बाजूला खोलगट झालीय, कारण तिथे तीन पिढ्यांचा अंगठा टेकलेला आहे. खाडीकडच्या ज्या जमिनीत हा इळा चालायचा, तिथे आज इमारती उभ्या आहेत. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस तो माळ्यावर असतो आणि एक दिवस पाटावर. मी एकदा विचारलं, "आजी, आता हा कशाला ठेवलाय?" त्या म्हणाल्या, "शेत गेला, पन ह्याला कसा सोरू?"

हे प्रकरण चीनमधल्या जेडच्या पात्यांविषयी आहे. ती पाती समजून घ्यायची तर सुरुवात या इळ्यापासूनच करावी लागते, कारण त्यातल्या सगळ्यात देखण्या पात्याचा पूर्वज शेतातलं एक कापणीचं हत्यारच आहे.

उत्तर चीनमधले नवाश्मयुगीन शेतकरी राळ्याची कणसं कापायला दगडाची एक छोटी सुरी वापरत. आकार साधारण आयताकृती, तळहातात मावेल एवढी, आणि पाठीच्या कडेजवळ एक किंवा दोन भोकं. भोकातून दोरी ओवून तिचा फास बोटांत अडकवायचा, सुरी मुठीत धरायची आणि एकेक कणीस खुडायचं. अशा सुऱ्या तिथे गावोगाव सापडतात. आता तीच सुरी मनातल्या मनात ताणायला लागा. दोन भोकांची तीन करा, तीनची पाच, पाचाची सात. लांबी तळहातभरावरून हातभर करा. दगड साधा न घेता जेड घ्या. आणि जाडी इतकी कमी करा की आपटली तर तुकडे होतील. मध्य चीनमधल्या हनान प्रांतात अर्लितोऊ नावाचं ठिकाण आहे. इसवी सनापूर्वी सतराव्या-सोळाव्या शतकाच्या आसपास तिथे मोठं नगर होतं, राजवाड्यांचे चौथरे होते, काशाची भांडी ओतणारे कारखाने होते. तिथे सापडलेलं सात भोकांचं जेडचं पातं सुमारे 65 सेंटिमीटर लांब आहे आणि जाडी अवघी काही मिलिमीटर. भोकं त्याच ठिकाणी आहेत, पाठीच्या कडेला ओळीनं. पण आता बोटात अडकवायला दोरी नाही, कापायला कणीस नाही, आणि एवढं लांब पातं एका मुठीत धरताही येत नाही.

हत्याराचं काम गेलं आणि आकार राहिला. बाळकुमच्या ओटीवर जे जमीन गेल्यामुळे झालं, ते अर्लितोऊत सत्ता आल्यामुळे झालं. कारणं वेगळी आहेत, पण पातं दोन्हीकडे पाटावर जाऊन बसलं.

जेड म्हणजे नेमकं काय, हे इथे सांगायला हवं. आपल्याकडे बाजारात कुठल्याही हिरवट दगडाला जेड म्हणून विकतात. खरं तर या एका नावाखाली दोन वेगळी खनिजं येतात, नेफ्राइट आणि जेडाइट. 1863 साली अलेक्सी दामूर या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञानं रासायनिक पृथक्करण करून ती वेगळी असल्याचं दाखवलं. भडक हिरवं जेडाइट ब्रह्मदेशातून येतं आणि ते चीनमध्ये रुळलं मुख्यतः अठराव्या शतकात. त्याआधीची हजारो वर्षं ज्याला चिनी लोक 'यू' म्हणत आले, ते नेफ्राइट. ते हिरवंच असतं असं नाही. पांढरं, राखाडी, मधासारखं पिवळट, जवळजवळ काळं, असं सगळ्या छटांत मिळतं. जमिनीत पुरलं गेलं तर त्याचा रंग आणखी बदलतो आणि कित्येक प्राचीन वस्तू जुन्या हाडासारख्या पांढुरक्या झालेल्या दिसतात.

नेफ्राइटची गंमत त्याच्या काठिण्यात नाही, चिवटपणात आहे. मोह्‌सच्या मापनक्रमात त्याचं काठिण्य 6 ते 6.5, म्हणजे गारगोटीपेक्षा कमी. पण आतून तो दगड सूक्ष्म तंतूंचा बनलेला असतो आणि ते तंतू नमद्यातल्या लोकरीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. हातोडा मारला तर गारगोटीची ढलपी निघते, नेफ्राइटची सहजासहजी निघत नाही. म्हणूनच त्यावर छिन्नी चालत नाही. आपल्या पाथरवटाला बेसॉल्ट फोडताना पाहिलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, पण जेड कोणी 'कोरत' नाही. ते फक्त झिजवता येतं.

झिजवायला लागते वाळू. गारेची वाळू जेडपेक्षा कठीण असते. ती पाण्यात कालवायची, दगडावर टाकायची आणि तिच्यावरून ओली दोरी किंवा पातळ फळी पुढेमागे ओढत राहायची. कापते वाळू, दोरी किंवा फळी तिला फक्त फिरवते. दोरीनं कापलेल्या पृष्ठभागावर कमानदार वळ्या राहतात आणि फळीनं कापलेल्यावर सरळ रेघा. आजचे अभ्यासक भिंगाखाली त्याच खुणा शोधतात. भोक पाडायलाही तीच युक्ती. बांबूची पोकळ नळी उभी धरायची, तिच्या टोकाशी ओली वाळू घालायची आणि नळी दोन्ही हातांनी किंवा धनुकलीनं गरागरा फिरवत राहायची. नळी हळूहळू खाली उतरते आणि मध्ये दगडाची गोल कांडी सुटी होते. जाड वस्तू असेल तर अर्धं भोक एका बाजूनं, अर्धं दुसऱ्या बाजूनं. दोन्ही बोगदे मध्ये भेटतात तिथे नेम जरासा चुकलेला असतो आणि भोकाच्या आत एक बारीक पायरी राहते. चार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हात मला त्या पायरीत सगळ्यात जवळून दिसतो. बाहेरचं पातं आरशासारखं गुळगुळीत केलं, पण आतली ती पायरी त्यानं तशीच ठेवली.

एक हातभर लांब आणि काही मिलिमीटर जाडीची फळी एका चिवट दगडातून अशा रीतीनं काढायची, मग दोन्ही बाजूंनी घासून पातळ करायची, मग भोकं, मग झिलई. मध्ये कुठे तडा गेला तर सगळी मेहनत वाया. जो माणूस असं पातं बाळगतो, त्याच्याजवळ दुसऱ्यांचे एवढे दिवस, एवढे महिने खर्च करायची ताकद आहे, हे पाहणाऱ्याला न सांगता कळायचं. त्या पात्याची धार तीच होती.

हा विचार अर्लितोऊच्याही कितीतरी आधीचा. आजच्या हांगचौ शहराजवळ ल्यांगजू नावाची संस्कृती होती, इसवी सनापूर्वी सुमारे 3300 ते 2300. भातशेती, कालवे, बांध, तटबंदीचं शहर. 2019 साली युनेस्कोनं तिचे अवशेष जागतिक वारशाच्या यादीत घेतले. 1986 साली तिथल्या फानशान टेकडीवर श्रीमंतांची थडगी उघडली. 12 क्रमांकाच्या थडग्यात साडेसहा किलोची, मध्ये गोल पोकळी असलेली चौकोनी जेडची वस्तू निघाली, तिला 'त्सोंग' म्हणतात. आणि निघाली जेडची एक कुऱ्हाड, 'युए'. तिच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्यात पिसांचा मुकुट घातलेला माणूस आणि त्याच्याखाली मोठ्या डोळ्यांचं जनावर रेखलेलं आहे, तेही केसासारख्या बारीक रेषांत. दांडा लाकडी होता, तो कुजून गेला. पण दांड्याच्या दोन्ही टोकांना जेडच्या टोप्या होत्या आणि त्या मातीत आपापल्या जागी राहिल्या. दोन टोप्यांमधलं अंतर मोजलं की नाहीशा झालेल्या दांड्याची लांबी मिळते. या कुऱ्हाडीच्या कडेवर कशावर घाव घातल्याची खूण नाही. चिनी लिपीत राजासाठी जे अक्षर आहे, ते मुळात धार खाली केलेल्या कुऱ्हाडीचं चित्र असावं असं काही अभ्यासकांचं मत आहे. मला ते मत पटतं.

पुढच्या पात्यांची कथा मी थोडक्यात आवरतो, एकट्या 'याजांग'चा अपवाद करून. शांग राजघराण्याच्या काळात 'ग' नावाचं शस्त्र प्रमुख झालं. दांड्याला काटकोनात बसवलेलं, चोचीसारखं टोकदार पातं. लढाईतलं पातं काशाचं आणि समारंभाचं जेडचं. हूपे प्रांतातल्या पानलोंगछंगचं जेडचं 'ग' 94 सेंटिमीटर लांब आहे, एवढ्या लांबीचं पातं दांड्यावर चढवून कोणी लढायला जाणं शक्य नाही. 1976 साली आनयांगला चंग चेनश्यांग या पुरातत्त्वज्ञ बाईंनी फूहाव राणीचं थडगं शोधलं. फूहाव ही वू डिंग राजाची राणी, इसवी सनापूर्वी सुमारे 1200. भविष्य पाहण्याच्या हाडांवरच्या लेखांत ती सैन्य घेऊन मोहिमेवर गेल्याचे उल्लेख आहेत. तिच्या थडग्यात काशाच्या 468 आणि जेडच्या 755 वस्तू होत्या. त्यांत काशाच्या मुठीत जेडचं पातं बसवलेली शस्त्रं होती आणि तिच्याही काळात दीड-दोन हजार वर्षं जुनी असलेली हुंगशान संस्कृतीची जेडं होती. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या राणीलाही जुन्या वस्तू जपायचा सोस होता. त्याच सुमारास आपल्याकडे घोड नदीच्या काठी, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात, लोक कॅल्सेडोनीच्या छोट्या पात्यांनी धान्य कापत होते आणि मडक्यांत लेकरांना पुरत होते. डेक्कन कॉलेजनं 1968 पासून तिथे उत्खनन केलं. इनामगावची पाती कामाची होती आणि कामात झिजली.

आता 'याजांग'. आकार लांबट फळीसारखा, पुढचं टोक आत खचलेलं किंवा दुभंगलेलं, मागे मूठ आणि मुठीच्या वर दोन्ही बाजूंना दातांसारख्या खाचा. कापायला तो निरुपयोगीच. उत्तरेत शिमाओला, म्हणजे आजच्या शान्शी प्रांतात, सुमारे चार चौरस किलोमीटरचं दगडी तटबंदीचं नगर होतं. इसवी सनापूर्वी 2300 ते 1800 हा त्याचा काळ. तिथे जेडची पाती चक्क तटाच्या दगडांच्या सांध्यांत घातलेली सापडली. आपण घराच्या पायात रुपया, सुपारी, पंचरत्नं ठेवतो, त्या जातीचंच हे काम असावं, असं मला वाटतं. उत्तरेतून हा आकार दक्षिणेकडे किती दूर गेला पाहा. हाँगकाँगच्या लामा बेटावर 1990 साली एक मिळाला. उत्तर व्हिएतनामच्या फुंग न्ग्वेन संस्कृतीच्या जागांवर मिळाले. नैर्ऋत्येला सिच्वानमध्ये सानशिंगत्वेईला तर ढीगच मिळाला.

सानशिंगत्वेईला 1986 साली दोन खड्डे उघडले. त्यांत काशाचे मोठाल्या डोळ्यांचे मुखवटे, हत्तीचे सुळे, सोन्याचा पत्रा आणि जेडची पाती भरलेली होती, बरंचसं आधी मोडून, जाळून मग पुरलेलं. या सगळ्या भव्य वस्तूंमध्ये काशाचा एक अगदी छोटा माणूस निघाला, बोटाच्या दोन पेरांएवढा. तो गुडघे टेकून बसला आहे. दोन्ही हात पुढे केलेत आणि हातांत उभा 'याजांग' धरला आहे. दुसऱ्या खड्ड्यातल्याच एका जेडच्या पात्यावर डोंगर रेखलेले आहेत, डोंगरांच्या वर ओळीनं माणसं, आणि डोंगरांच्या बाजूला तीच पाती उभी केलेली. ही पाती कशी वापरत, हा प्रश्न त्या दोन वस्तूंनी सोडवला. पातं पेलायचं नाही, उगारायचं नाही. दोन्ही हातांत धरायचं, समोर करायचं, डोंगराला अर्पण करायचं.

पातं दोन्ही हातांनी धरणं. हे आपण पाहिलेलं आहे. आगरी घरातली हळद झाली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं असतं. ती कट्यार दोन दिवस त्याच्या हातून खाली ठेवायची नाही. टोकालाच लिंबू लावलंय म्हटल्यावर तिनं काय कापणार? जेजुरीला दसऱ्याला खंडोबाचा सुमारे 42 किलोचा खंडा उचलतात, हातांवर तोलतात, दातांत धरतात. त्या खंड्यानं लढाई करायची नसते, तो देवापुढे पेलून दाखवायचा असतो. ज्यांनी ही दृश्यं लहानपणापासून पाहिली आहेत, त्यांना सानशिंगत्वेईचा तो गुडघे टेकलेला माणूस परका वाटू नये.

पुढे पात्याचं टोक राहिलं आणि शस्त्रपणाही गेला. शांगांनंतरच्या चौ राजघराण्याच्या काळात 'ग्वेइ' नावाची टोकदार जेडची पट्टी सरदाराचा दर्जा दाखवायला वापरू लागले. 1965 साली होऊमा इथे जेडच्या आणि साध्या दगडाच्या हजारो पट्ट्या सापडल्या, बऱ्याच पात्यासारख्या टोकदार. त्यांवर तांबड्या रंगात कुंचल्यानं लिहिलेल्या शपथा आहेत. कोणाशी एकनिष्ठ राहीन, कोणाशी संबंध ठेवणार नाही, मोडलं तर देव माझा नाश करो. कणसं कापणाऱ्या आणि माणसं कापणाऱ्या पात्यांच्या आकारात शेवटी शब्द लिहिले गेले.

एक गोष्ट मला या सगळ्यात टोचते. 'याजांग' हे नाव मी सहज वापरलं, पण ज्यांनी तो घडवला ते त्याला काय म्हणत, याचा पत्ता नाही. 'चौ ली' या प्राचीन ग्रंथात कुठल्या दिशेला कुठलं जेड वाहायचं, हे लिहिलंय: आकाशाला 'बी' नावाची गोल चकती, पृथ्वीला त्सोंग, पूर्वेला हिरवा ग्वेइ, दक्षिणेला तांबडा जांग. त्यात 'याजांग' हे सैन्य बोलावण्याचं चिन्ह म्हणून येतं. पण तो ग्रंथ या पात्यांनंतर हजाराहून अधिक वर्षांनी रचला गेला. आणि 'या' म्हणजे दात, म्हणून दातेरी खाचांचं हे पातं तेच असणार, ही सांगड घातली ऊ ताछंग या विद्वान अधिकाऱ्यानं, 1889 साली, जुन्या जेडांवरच्या आपल्या सचित्र ग्रंथात. म्हणजे वस्तू चार हजार वर्षांची आणि नाव सव्वाशेहून थोड्या जास्त वर्षांपूर्वी चिकटवलेलं. ऊ ताछंगनं मेहनत प्रामाणिकपणे केली, पण घडवणाऱ्याचा शब्द एकदा गेला तो गेलाच.

जेड प्रत्यक्ष पाहायचं असेल तर ठाण्याहून फार लांब जावं लागत नाही. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय 10 जानेवारी 1922 रोजी लोकांसाठी खुलं झालं. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या भावांनी जमवलेल्या वस्तू त्याला मिळाल्या आणि त्यांत चिनी जेडही आहे. ती जेडं या प्रकरणातल्या पात्यांच्या मानानं फार अलीकडची, पण दगडाचा तो स्निग्ध, लोण्यासारखा पोत तिथे डोळ्यांना कळतो. मुघलांचं जेड पाहायला मिळालं तर तेही सोडू नका. त्यांच्या खंजिरांना पोलादी पातं आणि जेडची मूठ असे. चीनमध्ये जिथे धार असायची तिथे जेड, आपल्याकडे जिथे हात असतो तिथे जेड. आणि दगड बहुतेक एकाच ठिकाणचा, शिंजियांगमधल्या खोतानच्या नद्यांतला. अठराव्या शतकात चीनचा सम्राट छ्येनलुंग हिंदुस्थानी जेडच्या इतका प्रेमात पडला की त्यानं त्यावर कविता केल्या आणि आपल्या कारागिरांपेक्षा या बाजूचे कारागीर सरस असल्याचं मोकळेपणानं मान्य केलं.

वस्तुसंग्रहालयात गेलात तर काचेपाशी वाकून भोकाच्या आत पाहा. पायरी दिसते का, ते शोधा.

आणि त्याआधी माळ्यावर चढा. बाळकुम, कोलशेत, कशेळी, काल्हेर, पुढे डोंबिवलीच्या पलीकडची गावं, इथल्या घराघरांत अजून इळे आहेत, कोयते आहेत, मिठागरातली अवजारं आहेत. भंगारवाला दारात येईल त्या दिवशी ती जातील. त्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाजवळ बसा. त्या अवजाराला, त्याच्या प्रत्येक भागाला तुमच्या घरात काय म्हणत, ते कोणत्या शेतात चाललं, कोणी चालवलं, कोणत्या लोहारानं घडवलं, हे एका चिठ्ठीवर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि ती चिठ्ठी दोऱ्यानं मुठीला बांधा. आजींच्या इळ्याला आम्ही गेल्या खंडेनवमीला ती बांधली.